दुपारचा जप

श्रियाने कपाटाच्या मधल्या कप्प्यातून आपले कपडे पुन्हा बाहेर काढले आणि पलंगावरच्या बॅगेत भरले.

पलंगाच्या पलीकडे तिचा भाऊ श्रीनाथ उभा होता. सतरा वर्षांचा, वडिलांहून उंच, खांदे किंचित पुढे झुकलेले. तो तिच्या तोंडाकडे पाहत नव्हता. तिच्या हातांकडे पाहत होता. ती खोलीतून बाहेर पडली की तो ते कपडे काढणार आणि रंगांच्या ठरलेल्या क्रमाने कप्प्यात रचणार, हे तिला ठाऊक होते. सकाळपासून हेच चालले होते. तिने जाऊ नये म्हणून तो असे करतो, असे आई म्हणत होती. कपड्यांची जागा कपाटात असते म्हणून करतो, असे श्रियाला वाटत होते. पण तेही ती कुणाला छातीवर हात ठेवून सांगू शकली नसती.

पुण्याच्या एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत तिला नोकरी लागली होती. उद्या हजर व्हायचे होते. संध्याकाळची बस होती, आणि ती त्या बसमध्ये बसणार की नाही हे अजून ठरायचे होते.

ठरवण्याचा अधिकार आज्जींचा. गेल्या रविवारी जेवणाच्या पानावर त्यांनी आपला निर्णय सांगितला होता.

“पोरीनं शिक्षण घेतलंय, ती जाईल. पण आधी घराला नाथाचं करता आलं पाहिजे. येत्या रविवारपर्यंत बघू. जमलं तर बस. न्हाय जमलं, तर बसची गोष्ट काढायची न्हाय.”

त्यानंतरचा सबंध आठवडा घराने प्रयत्न केला. आईने त्याला भात कालवून दिला, तो त्याने ताटातच ठेवला. वडिलांनी त्याला फिरायला नेले, तो गल्लीच्या तोंडाशी खाली बसला. मग कुणीतरी श्रियाला हाक मारी. ती येई, त्याच्याजवळ वाकून बसे, आणि उठून म्हणे, भात फार गरम आहे. किंवा, त्याला चप्पल चावते आहे. ते खरे निघे. आई कपाळाला हात लावून म्हणे, “बहिणीचं काळीज ते. हिला त्याच्या मनातलं कळतंय.”

हे वाक्य श्रिया दहा वर्षांची असल्यापासून ऐकत आली होती. पाहुण्यारावळ्यांत ते कौतुकाने सांगितले जाई. अशा कौतुकाला नकार देता येत नाही, आणि ते घेतल्यावर उंबऱ्याबाहेर पाऊलही टाकता येत नाही. मैत्रिणींच्या सहली गेल्या, धारवाडचे कॉलेज गेले, मावसबहिणीच्या लग्नातला मुक्काम गेला. प्रत्येक वेळी कुणी तिला ‘जाऊ नकोस’ म्हटले नाही. ‘मग त्याला काय हवंय ते कोण सांगणार?’ एवढेच विचारले.

खरी गोष्ट अशी होती की तिला त्याच्या मनातले काहीही कळत नव्हते. तो तिला सांगत असे.

श्रीनाथ लहान असताना सीमाभागातल्या शहापूरच्या या गल्लीत, भिंतीला भिंत लागून, यल्लव्वाचे घर होते. तिच्याकडे माग होता. मागाचा आवाज सुरू झाला की चालता येऊ लागलेला श्रीनाथ तिकडे जाऊन बसे आणि धोट्याच्या येण्याजाण्याकडे तासन्‌तास पाही. यल्लव्वा हात न थांबवता त्याच्याशी कन्नडमध्ये बोले. त्याचे पहिले शब्द तिथे उगवले. नीर, म्हणजे पाणी. ब्याडा, म्हणजे नको. साकु, म्हणजे पुरे.

पुढे डॉक्टरांनी ऑटिझम हा शब्द उच्चारला, आणि इतर सूचनांबरोबर एक सूचना केली की मुलाशी घरात एकच भाषा बोला. कोणती, हे वडिलांनी, केशवरावांनी, विचारले नाही. या घरात तो प्रश्न नव्हता. ते मराठी शाळेत शिक्षक होते. त्यांच्या वडिलांनी सीमेच्या आंदोलनात लाठ्या खाल्ल्या होत्या, तुरुंग पाहिला होता, आणि आता सोप्यात हार घातलेल्या तसबिरीतून ते येणाऱ्याजाणाऱ्याकडे पाहत होते. उंबऱ्याच्या आत मराठी, हा त्यांचा दंडक. तो सर्वांकडून पाळून घेतला मात्र आज्जींनी. आज्जींचे माहेर गोकाकच्या पलीकडचे, पण लग्नात नाव बदलले तसे त्यांनी बाकीचेही बदलले. भाजीवाली दारात कन्नडमध्ये भाव सांगे. आज्जी मराठीत तो पाडून मागत. दोघींचा व्यवहार चोख होई.

तेव्हा श्रीनाथचे यल्लव्वाकडे जाणे बंद झाले. तो ‘नीर’ म्हणून हात पुढे करी, आणि केशवराव पेला वर उचलून धरत.

“नीर नाही, नाथा. पाणी. पाणी म्हण.”

पेला वरच राही. केशवराव कठोर नव्हते; मुलाला शिकवत होते, आणि शिकवणे त्यांना येत होते. काही दिवसांनी मुलाने हात पुढे करणे सोडले. डॉक्टर म्हणाले, अशा मुलांचे आलेले शब्द कधी कधी जातात.

शब्द गेले नव्हते. पाचवीत असताना एकदा परसातल्या हौदापाशी श्रिया त्याचे पाय धूत होती, आणि तो तिच्या केसांत तोंड खुपसून म्हणाला, “साकु.” ती धावत सोप्यात आली. सोप्यात पाहुणे होते आणि वडील त्यांना सांगत होते, “माझा मुलगा बोलेल तेव्हा मराठीतच बोलेल.” ती तसबिरीखाली क्षणभर उभी राहिली आणि परत हौदाकडे गेली. त्या दिवसापासून हौद ही दोघांची जागा झाली. तो पुटपुटे, ती पुटपुटून उत्तर देई, आणि घरात येऊन म्हणे की मला वाटते, त्याला पंखा नको आहे.

बॅगेची चेन अर्धी लागली होती तोच श्रीनाथने तळहाताने स्वतःच्या कानशिलावर मारले. मग पुन्हा. मग तो खोलीतून निघाला आणि सोप्याच्या कोपऱ्यात भिंतीला पाठ लावून बसला, आणि हात चालूच राहिला.

आई स्वयंपाकघरातून पिठाच्या हातांनी धावत आली.

“बॅग बघून बिथरलाय त्यो! सकाळधरनं सांगालोय मी, ती बॅग डोळ्याआड ठेव म्हणून. ऐकतीय कोण?”

“मंगल, ओरडू नकोस, त्याला आणखी त्रास होतो,” केशवराव म्हणाले आणि त्यांनी मुलाचा हात धरण्याचा प्रयत्न केला. श्रीनाथने तो हिसडून टाकला. आईने त्याचे डोके चेपले. त्याने मान काढून घेतली. तेलाची वाटी आली, गेली. पंखा लावला, बंद केला.

खिडकीजवळच्या खुर्चीत आज्जी बसल्या होत्या. त्यांचा उजवा हात जपमाळेच्या गोमुखीत होता, आणि तो हलत होता की थांबला होता हे कापडाआड दिसत नव्हते.

“श्रिया,” आईने शेवटी हाक मारली.

श्रिया आली. ती त्याच्यासमोर बसली, सगळ्यांकडे पाठ करून, आणि तिने आपले डोके त्याच्या तोंडाजवळ नेले. पाहणाऱ्याला वाटावे, बहीण भावाला थोपटते आहे. त्याचा श्वास तिच्या गालाला लागला. मग एक शब्द, इतका लहान की तो श्वासातच मोडला असता.

“किवी.”

ती उठली.

“कान दुखतोय त्याचा. बॅगेचं काही नाही.”

“बघा!” आई म्हणाली. तिच्या आवाजात सुटका होती आणि तक्रारही होती. “तासभर आमी डोकं चेपालोय, आन् हिला एका मिनटात कळतंय. उद्या ही पुण्यात. मग हितं कान दुखतोय का दात, कोण सांगणार? मी? मला तर त्यो जवळबी येऊ देत न्हाय.”

“कुठला कान?” केशवरावांनी विचारले.

“ते नाही सांगितलं त्यानं.”

वाक्य बोलून गेल्यावर श्रियाला ते ऐकू आले. केशवरावांनी चष्मा काढला.

“नाही सांगितलं, म्हणजे?”

बाहेर गल्लीत कुणीतरी मोटारसायकल सुरू करत होते. ती सुरू होईना. श्रिया तो आवाज ऐकत उभी राहिली. दुपारभर तिने बॅगेत जे भरले होते ते सगळे आता या एका उत्तरावर तोलले होते. ती पुन्हा म्हणू शकली असती की मला तसे वाटले. आईने कपाळाला हात लावला असता, आणि कपडे पुन्हा कप्प्यात गेले असते, या वेळी कायमचे.

“तो बोलतो, अण्णा,” ती म्हणाली. “थोडंच. मोजके शब्द. कन्नडमध्ये.”

“कुणाशी?”

“माझ्याशी. हौदापाशी.”

“आजच?”

“मी पाचवीत असल्यापासून.”

केशवरावांनी तसबिरीकडे पाहिले नाही. पण न पाहण्यासाठी त्यांना मान दुसरीकडे वळवावी लागली.

“एवढी वर्षं माझा मुलगा या घरात बोलतोय,” ते सावकाश म्हणाले, “आणि ते मला माहीत नाही.”

“तुम्हाला चाललं नसतं.”

“मला?” ते उठले. “मला चाललं नसतं? तो बोलावा म्हणून मी काय काय केलं, हे तू मला सांगणार?”

ते स्वयंपाकघरात गेले आणि पाण्याने भरलेला पेला घेऊन आले. श्रीनाथच्या समोर ते उकिडवे बसले. त्यांचे गुडघे वाजले. पेला त्यांनी वर उचलला नाही. अगदी त्याच्या हाताजवळ धरला.

“नाथा. बघ इकडं. नीर. म्हण बाबा. नीर. मीच म्हणतोय, बघ. नीर.”

त्या सोप्यात तो शब्द त्यांच्या तोंडून प्रथमच निघत होता. पाणी पेल्याच्या काठावरून सांडत होते.

श्रीनाथने पेल्याकडे पाहिले. मग त्याने दोन्ही हात पाठीमागे नेले.

“तू विचारून बघ गं,” आई हळूच म्हणाली. “तुझ्याशी बोलतोय म्हणालीस न्हवं?”

श्रिया वडिलांशेजारी बसली. एवढी वर्षे कुजबुजलेले वाक्य तिने पहिल्यांदा मोठ्याने उच्चारले.

“नाथा, नीर बेकेनो?”

पाणी हवे का, एवढेच; पण ते तिला स्वतःलाच परके वाटले. श्रीनाथची नजर तिच्यावरून सरकून सताड उघड्या पुढच्या दाराकडे गेली आणि तिथेच राहिली. ओठ हलले नाहीत. त्याने पुन्हा कानशिलावर मारले.

केशवरावांनी पेला जमिनीवर ठेवला.

“तुला जायचंय,” ते म्हणाले. ते रागावले असते तर श्रियाला बरे वाटले असते. “तुझं वय आहे, मला समजतं. पण त्यासाठी भावाच्या तोंडी शब्द घालू नकोस, बाळ. तोंड उघडत नाही, हे एवढं दुःख पुरे आहे या घराला.”

“अण्णा, मी खोटं—”

“ठरलं तर. पुण्याला फोन कर. म्हणावं, जमत नाही.”

आई पदराने जमिनीवरचे पाणी पुसू लागली. श्रियाने पाहिले की तिचे स्वतःचे हातही पाठीमागे गेले आहेत.

“ठरवायचं काम मी केशवाला दिलेलं मला आठवत न्हाय.”

आज्जींनी गोमुखीतून हात बाहेर काढला होता.

“आई, तू बघितलंस ना आता—”

“माझे डोळे अजून चांगले हैत. तू कानाच्या डॉक्टरला फोन लाव. रविवार हाय, घरच्या नंबरावर लाव. मंगल, पोरीच्या डब्यात चपात्या बांध, भाजी कोरडी दे. वाटेत सांडंल असलं काय देऊ नको.”

“आत्या, पण त्याचं—” आई सासूला म्हणू लागली.

“सांगितलं ते कर.” त्या श्रियाकडे वळल्या. “आन् तू काय खांबागत हुबी राहिलीस? बॅग भर. टॉवेल घेतलास काय? न्हाय. पुण्याला टॉवेल दुसऱ्याचा वापरणार?”

आठवड्याची अट, वडिलांचा निकाल, सगळे मोडीत निघाले होते, आणि कशाच्या बळावर, ते आज्जी सांगत नव्हत्या. त्या उठल्या, काठी न घेता श्रीनाथपर्यंत गेल्या, आणि त्याच्या खांद्यावर दोन बोटे टेकवून आपल्या खोलीकडे चालू लागल्या. श्रीनाथ उठला आणि त्यांच्या मागून गेला.

यात कुणालाच काही विशेष वाटले नाही. रोज दुपारी, केशवराव शाळेत असत आणि आई शिवणवर्गाला जाई तेव्हा, आज्जी जपाला बसत आणि नाथाला जवळ बसवून घेत. घरातला एवढाच वेळ तो शांत असे. नामाचा गुण, असे आई म्हणे.

श्रिया खोलीत आली. बॅगेतले कपडे जागच्या जागी होते. तिने त्यांवर औषधांची पिशवी ठेवली, चार्जर ठेवला, आणि टॉवेल आणायला परसाकडे निघाली. दोरीवर तो वाळला होता. टॉवेल खांद्यावर टाकून ती बोळातून परत येत होती. आज्जींच्या खोलीचे दार अर्धे उघडे होते.

आतून कन्नड ऐकू आली.

श्रियाची कन्नड शाळेतली, बसमधली, बाजारातली. ही तशी नव्हती. ही ऐसपैस होती, जमिनीवर मांडी घालून बसलेली, आणि बोलणाऱ्या तोंडाला ती शोधावी लागत नव्हती. आवाज ओळखायला श्रियाला एक पाऊल थांबावे लागले. आज्जींचा इतका मऊ आवाज तिने ऐकलेला नव्हता.

“याव किवी, मगा?”

कोणता कान, बाळा.

उत्तर आले नाही. श्रियाने टॉवेल मुठीत धरला. आता नाही येणार, तिला वाटले. आता आज्जीही उठतील, बाहेर येतील, आणि सगळे पुन्हा पहिल्यासारखे होईल. तिच्या मनात एक क्षण असेही येऊन गेले की उत्तर न आले तर बरे. त्या विचाराने तिचा चेहरा तापला.

“अज्जी,” श्रीनाथ म्हणाला.

तो कुजबुजत नव्हता. हौदापाशी तिने कधी ऐकला नव्हता असा, वयात आलेल्या मुलाचा भरड, पुरता आवाज होता तो.

“अज्जी, बाकला हाक.”

दार लाव, म्हणत होता. नेहमीची गोष्ट आज राहून गेली, ती आठवण करून द्यावी तसा. हे शब्द श्रियाने त्याला शिकवले नव्हते. हौदाला दार नव्हते.

आज्जींच्या बांगड्या वाजल्या. त्या दारापाशी आल्या आणि त्यांना बोळात उभी असलेली श्रिया दिसली. त्यांनी नजर खाली घेतली नाही. काही सांगितले नाही, काही मागितले नाही. एक हात दारावर ठेवून त्या एवढा वेळ उभ्या राहिल्या की श्रियाला हवे असते तर ती काहीही विचारू शकली असती. मग त्यांनी दार लावले. आतून कडी सरकली. अंधारातही चुकू नये इतकी सवयीची.

आज्जींचा दुपारचा जप सुरू झाला तेव्हा श्रिया सातवीत होती. यल्लव्वाने माग विकला आणि ती मुलाकडे रबकवीला निघून गेली, भिंतीपलीकडची कन्नड थांबली, त्याच पावसाळ्यात.

दारापलीकडे दोन आवाज आळीपाळीने चालले होते. शब्द आता लागत नव्हते. श्रियाने कडीच्या बाजूला हात उचलला, बोटे मिटली, आणि हात तसाच खाली आणला.

थोड्या वेळाने आतून आज्जींची हाक आली. मराठीत, खणखणीत, साऱ्या घराला ऐकू जाईल अशी.

“केशवा! डॉक्टरला सांग, डावा कान! कालपासनं दुखतोय!”

सोप्यात फोनवरचे बोलणे थबकले. स्वयंपाकघरात पोळपाटावरचे लाटणेही थांबले.

“आईला कसं कळलं?” केशवराव म्हणाले.

“आज्जीचं काळीज ते,” आई म्हणाली. “तुमाला न्हाय कळायचं.”

लाटणे पुन्हा फिरू लागले.

श्रिया खोलीत गेली. तिने टॉवेलची घडी घातली, ती मनासारखी झाली नाही म्हणून मोडली, पुन्हा घातली, आणि बॅगेत अगदी वर ठेवली. मग तिने कपाटाचा रिकामा मधला कप्पा हाताने पुसला. त्यात तिने एक ओढणी ठेवली, रंगांच्या क्रमात जिथे तिची जागा होती तिथे, आणि कपाट लावून घेतले.